थोरलीचा मुखवटा

नीळकंठरावांनी बायकोच्या गुडघ्याची फाइल उघडली ती ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी. पुसदच्या पंचायत समितीत छत्तीस वर्षं काढून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या घरात गॅस शेगडीची फाइल होती, पाण्याच्या मोटारीची होती, मग गुडघ्याने काय घोडं मारलं होतं? वर ठळक अक्षरात लिहिलं, 'सौ. शोभा, उजवा गुडघा'. डावा अजून कामावर होता, म्हणून त्याची फाइल नव्हती. शोभाताईंना तेव्हा नवऱ्याच्या या सवयीचं हसू आलं होतं.

ऑपरेशन त्यांनी दोन वर्षं टाळलं होतं. तेलं झाली, पट्टे झाले, शेकून झालं. शेवटी मान तुकवली ती महालक्ष्म्यांपायी. बाकीचा महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो आणि एका भाजीत आटोपतो (हे शोभाताईंचं मत, आपण त्यात पडू नये), त्या महालक्ष्म्या त्यांच्या घरी दर भाद्रपदात उभ्या राहतात. सोळा भाज्या, आंबील, कथली, पुरणाचा डोंगर. हे सगळं माणसं लावून होतं. पण त्यांना घरात आणायचं काम दुसऱ्याने करायचं नसतं. फाटकापासून कुंकवाची पावलं काढायची. त्या पावलांवरून थोरलीचा पितळी मुखवटा थोरल्या सुनेने आणि धाकटीचा धाकट्या सुनेने दोन्ही हातांवर घेऊन खोलीखोलीतून फिरायचं. मागून कुणी ताट वाजवायचं, कुणी विचारायचं, "महालक्ष्मी कशाच्या पावली आली?" आणि चालणारीने सांगायचं, "सोन्याच्या पावली." एकेचाळीस वर्षं शोभाताई हे सांगत आल्या होत्या. धाकट्या दिराची, अवधूतची बायको केतकी यवतमाळहून दरवर्षी त्यासाठी यायची आणि धाकटीला घेऊन त्यांच्या मागे चालायची.

गेल्या वर्षी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गुडघ्याने दगा दिला. शोभाताई दाराची चौकट धरायला गेल्या आणि थोरलीचा मुखवटा हातातून सुटून फरशीवर खणकन आदळला. नाक चेपलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, शोभाताईंनी उत्तर तरी दिलं असतं. केतकीने मुखवटा उचलून पदराने पुसला आणि त्यांच्या हातात परत दिला, त्या पुसण्याने त्या आतून जळाल्या.

"पुढच्या महालक्ष्म्यांपर्यंत मला उभी करणार असाल तर करते ऑपरेशन," त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या.

"करू," नीळकंठराव म्हणाले आणि तेही फाइलीत लिहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी नीळकंठरावांचं पुसदला बँकेत काम निघालं, ते एक दिवस जाऊन आले. तेवढा दिवस केतकी उशाशी बसली. तिने शोभाताईंचे केस विंचरले, घट्ट वेणी घातली, मोसंबी सोलून भरवली. शोभाताईंना वाटलं, आपण हिच्याबद्दल उगाच मनात धरून बसलो होतो.

दहाव्या दिवशी घरी आणलं, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. गुडघा सुजून भोपळ्याएवढा. मधोमध वीतभर शिवण. पलंगाला उंची द्यायला खाली विटा लावलेल्या, संडासात कमोड बसवलेलं आणि त्यावर बसवायला-उठवायला नवरा. एकेचाळीस वर्षांत ज्या माणसासमोर त्यांनी कधी पदर ढळू दिला नव्हता, त्याच्या खांद्यावर हात टाकून तिथून उठायचं. शोभाताईंना मरणाची लाज वाटायची. नीळकंठरावांना वाटत नसावी. ते उठवताना "एक, दोन, तीन" असं मोठ्याने म्हणायचे, शेजारी ऐकू जाईल इतकं.

जीवन राठोड आला तो घरी येऊन व्यायाम करवून घेणारा. मूळचा फुलसावंगीकडच्या तांड्यातला, पण पुसदमध्ये पंधरा वर्षं गुडघेच वाकवत आलेला. बोलायला गोड आणि हाताला कसाई. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घालायला लावायचा, म्हणजे टाच चादरीवरून घसरते, आणि म्हणायचा, "आना काकू, आना टाच इकडं. अजून. गुडघा वाकला नाही तर लोखंड टाकून काय उपयोग?" शोभाताई ओठ चावायच्या. एकदा ओरडल्या, तर नीळकंठरावांनी बैठकीतून विचारलं, "किती झाले?"

ते अंश विचारत होते. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी तक्ता आखला होता. दिनांक, गुडघ्याचे अंश, पावले, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'कुरकुर केली', 'बर्फ लावला', 'पुन्हा कुरकुर' असं बारीक अक्षरात असायचं. शोभाताई पलंगावरून तो तक्ता वाचायच्या आणि चडफडायच्या.

"काकूंच्या नजरेपुढं कायतरी ठेवा साहेब," जीवन पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. "नुसतं चाल म्हटल्यानं मानूस चालत नाही. कशासाठी चालायचं ते पाहिजे."

"आहे ना," नीळकंठराव चटकन म्हणाले. "महालक्ष्म्या आहेत. थोरली हिनेच आणायची आहे."

शोभाताईंचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत या माणसाला आपल्या मनातलं काही कळतं असा पुरावा त्यांना क्वचितच मिळाला होता. त्या दिवशी टाच आणखी चार बोटं आत आली.

तेव्हापासून त्या जिद्दीला पेटल्या. दिवसातून तीनदाचा व्यायाम पाचदा केला. वॉकर धरून बैठकीपर्यंत, मग वऱ्हांड्यापर्यंत, मग तुळशीपर्यंत. पण मनात एक टोचणी होती. वॉकर दोन्ही हातांनी धरायचा असतो. मग मुखवटा कशाने धरायचा? जीवनला त्यांनी विचारलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं.

"मंग हात सोडवू काकू. काठी, अन् मंग काठी बी नाही. पन एकेक करून."

सहाव्या आठवड्यात काठी आली. वॉकर पलंगाखाली गेला. नवव्या आठवड्यात शोभाताईंनी काठी कपाटाला टेकवून ठेवली, तांब्या काठोकाठ भरला, दोन्ही तळव्यांवर घेतला आणि चालू लागल्या. फाटकापासून वऱ्हांडा, बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, परत मधली खोली. बासष्ट पावलं. पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त पाणी फरशीवर सांडलं. धुणंभांडी करणारी धुरपताबाई फडकं घेऊन मागे मागे फिरत होती.

"बाई, कायले एवढा जीव काढून राह्यल्या? पडान ना!"

"पडत नाही मी. तू पूस."

"मी पुसतो, पन…" धुरपताबाई काहीतरी बोलणार होती. फडकं पिळून बादलीत टाकलं आणि भांड्यांकडे गेली. शोभाताईंनी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही.

दहाव्या आठवड्याअखेर तांब्यातलं पाणी हललं पण सांडलं नाही. उंबऱ्यावरही नाही. शोभाताई त्या उंबऱ्यावर उभ्या राहून एकट्याच हसल्या. तक्त्यात नीळकंठरावांनी लिहिलं, 'पावले ६२. उत्तम'. त्याखाली रेघ मारली. खरंच सांगते, त्या क्षणी त्या घरात शोभाताईंइतकं सुखी कुणी नव्हतं.

राहिला होता तो जिना. महालक्ष्म्यांची पेटी वरच्या खोलीत. महालक्ष्म्यांना आठ दिवस उरले की शोभाताई ती खाली आणवायच्या, मुखवटे चिंचेने घासायच्या, शालू उन्हात टाकायच्या. या वर्षी त्या रोज आठवण करत होत्या आणि नीळकंठराव रोज टाळत होते. "आणतो." "कंबर धरली आहे माझी." "अवधूत येईल तेव्हा उतरवू." जीवन म्हणाला होता की काकूंना आता जिना चढायला हरकत नाही, तर नीळकंठरावांनी त्यालाच थांबवलं होतं, "जिन्याची घाई नको." जन्मभर घाईने फाइली हलवणारा माणूस जिन्याच्या बाबतीत एवढा सबुरीचा का झाला, हा प्रश्न शोभाताईंना पडायला हवा होता. त्यांना वाटलं, काळजी करतात.

शेवटी एका सकाळी नीळकंठराव पेन्शनरांच्या सभेला गेले आणि शोभाताईंनी कठडा धरला. जीवनने शिकवलेलं पाठ होतं. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. चौदा पायऱ्या. मधल्या वळणावर दम घेतला. वर पोचल्या तेव्हा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता आणि उरात आनंद मावत नव्हता.

खोलीत पेटी नव्हती. तिच्या जागेवर फाइलींचे गठ्ठे रचलेले होते, दोरीने बांधून, नीट.

आधी त्यांना वाटलं, हलवली असेल. माळ्यावर पाहिलं, कपाटाच्या मागे पाहिलं. पत्र्याच्या कोठ्या, ज्यांच्यावर मुखवटे बसतात, त्याही नव्हत्या. मग नजर वरच्या गठ्ठ्यावर गेली. एका फाइलीवर त्याच ओळखीच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'महालक्ष्मी'. आत एकच कागद.

'हस्तांतरण यादी. १) लाकडी पेटी, नग एक. २) पितळी मुखवटे, नग दोन (पैकी एकाचे नाक चेपलेले). ३) पत्र्याच्या कोठ्या, नग दोन. ४) महालक्ष्म्यांची बाळे, नग दोन. ५) शालू जुने, नग दोन. वरील वस्तू चि. अवधूत यांस कुलाचार चालविण्यासाठी कायमस्वरूपी दिल्या.' देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. तारीख ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवसाची. आणि तळाशी, 'टीप: सौ. शोभा हिस तूर्त कळवू नये. व्यायामावर परिणाम होईल.'

शोभाताई फाइलींच्या गठ्ठ्यावरच बसल्या. महालक्ष्म्या एका घरातून दुसऱ्या घरात द्यायच्या असतात, नाही असं नाही. पण ते घरची बाई करते. पाटावर तांदूळ पसरून, मुखवट्यांची ओटी भरून, स्वतःच्या हाताने देते आणि देताना रडते, आणि ते रडणं तिचा मान असतो. एकदा गेलेल्या महालक्ष्म्या कुणी परत मागत नाही. इथे कपाट बदलून द्यावं तशा दिल्या होत्या. नग दोन. ज्या दिवशी केतकी उशाशी बसून वेणी घालत होती, त्याच दिवशी. आणि त्यानंतर अडीच महिने त्या टाच ओढत होत्या, तांब्या घेऊन फिरत होत्या, ओठ चावत होत्या, कशासाठी? समोर गाजर धरून गाढव चालवतात तसं त्यांना चालवलं होतं. त्यांनी तो कागद फाइलीतून ओढून काढला आणि कठडा धरला.

खाली धुरपताबाई आली होती. जिन्यावरून उतरणाऱ्या बाईंना आणि त्यांच्या हातातल्या कागदाला बघून तिने तोंडावर पदर घेतला.

"तुला माहीत होतं?"

"साहेबानं सांगतलं होतं बाई, सांगू नको म्हून. मी रोज झाडतो ना वरची खोली. मले दिसलं, पेटी नाही." तिचा आवाज चिरकला. "तुम्ही तांब्या घेऊन चालून राह्यल्या तवा माह्याच्यानं तुमच्याकडं पाह्यलं जात नव्हतं, देवाशप्पथ."

शोभाताई कागद घेऊन बैठकीत जाऊन बसल्या. तिचा राग करून काय होणार होतं?

नीळकंठराव साडेबाराला आले. शोभाताईंनी विचारलं, "पेटी कुठे आहे?"

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग जिन्याकडे. आणि त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "तू वर गेली होतीस? एकटी? चौदाच्या चौदा?" ते तक्त्याकडे वळलेसुद्धा. पेन्सिल दोरीने तक्त्यालाच बांधलेली होती.

शोभाताईंनी कागद टेबलावर ठेवला. पेन्सिल थांबली.

"हे बघ शोभा," ते बसत म्हणाले, "आपल्या साकेतला मी फोनवर विचारलं होतं. तो म्हणाला, बाबा, आमच्याकडून बंगलोरमध्ये हे काही व्हायचं नाही. मग आपल्यानंतर कोण? अवधूतकडे घर मोठं, मितालीसारखी सून आली. आज ना उद्या द्यायच्याच होत्या."

"मला विचारायचं होतं."

"तू हो म्हटलं नसतंस."

"म्हणून विचारलं नाही?"

"आणि सांगितलं असतं तर त्या पलंगावरून उठली असतीस का? खरं सांग." ते आता सभेत बोलावं तसं बोलत होते. "मी तुझ्यासाठीच केलं ना? आज जिना चढलीस. लोकांचे गुडघे सहा-सहा महिने आखडून राहतात. रडून कायले राहिलीस?"

शोभाताई रडत नव्हत्या. पण खरं उत्तर 'नसते उठले' हेच होतं. हा माणूस चुकीचं वागून बरोबर ठरला होता आणि त्याला ते माहीत होतं. ह्याचीच त्यांना जास्त चीड आली.

महालक्ष्म्यांच्या दिवशी यवतमाळला जायला गाडी आली. शोभाताई आवरून तयार होत्या, पैठणी, नथ, सगळं. पुढ्यात वॉकर.

"हा काहून काढला?" नीळकंठरावांनी विचारलं.

"लागतो."

"अगं, काल तर स्वयंपाकघरात नुसती…"

"आज लागतो."

नीळकंठरावांनी गेले आठ दिवस फोन करकरून सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, शोभा बिनकाठीची चालते, हातात भरलेला तांब्या घेऊन चालते. त्यामुळे अवधूतच्या फाटकात वीस माणसं उभी होती. गाडीचं दार उघडलं, आधी वॉकर बाहेर आला आणि मग शोभाताई, एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. कुणीतरी "हळू, हळू" म्हणालं. अवधूतने प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली. नीळकंठराव कसनुसे हसत म्हणाले, "प्रवासाने आखडला असेल. शोभा, चालून दाखव ना जरा."

शोभाताईंनी वॉकर खुर्चीच्या दिशेने वळवला.

फाटकापासून आत कुंकवाची पावलं काढलेली होती. केतकी सुपात दोन्ही मुखवटे घेऊन आली. तांदळावर टेकवलेले, नथी घातलेले, चिंचेने घासून लखलखीत. थोरलीचं नाक सरळ होतं.

"वहिनी," केतकी म्हणाली. तिचा चेहरा कोमेजलेला होता, ती बहुधा रात्रभर या क्षणाला घाबरली असावी. "मी दादांना तेव्हाच सांगितलं होतं, पेटी आमच्याकडे आली तरी थोरली वहिनीच आणतील. नाक कासाराकडून ठोकून घेतलं, बघा. या वर्षीपासून तुम्ही दरवर्षी याल ना? घ्या."

तिने सूप बाजूला टेकवलं आणि थोरलीचा मुखवटा दोन्ही हातांनी पुढे धरला. एवढ्या जवळ, की शोभाताईंना चिंचेचा वास आला. बासष्ट पावलं त्यांच्या पायात होती. इथे तर पन्नासच असतील. उजव्या हाताची बोटं वॉकरवरून सुटली, त्यांची त्यांनाच कळायच्या आत. त्या घेणार होत्या. देवाशप्पथ घेणार होत्या.

तेवढ्यात केतकीच्या खांद्यावरून त्यांना नीळकंठराव दिसले. टाचा उंचावून बघत होते आणि चेहरा तसाच उजळला होता, पेटीची विचारणा केली त्या दुपारी उजळला होता तसा. ओठ हलत होते. ते पावलं मोजायच्या तयारीत होते.

शोभाताईंची बोटं पुन्हा वॉकरवर आवळली.

"माझे हात रिकामे नाहीत, केतकी. मितालीला दे."

"वहिनी, पण…"

"दे म्हटलं ना."

नव्या सुनेने बावरून मुखवटा घेतला. ताट वाजलं. शोभाताई खुर्चीत बसल्या आणि लोक त्यांना वळसा घालून आत गेले. आतून प्रश्न आला, "महालक्ष्मी कशाच्या पावली आली?" मितालीला उत्तर लगेच आठवलं नाही. फाटकाजवळच्या रिकाम्या अंगणात शोभाताईंच्या ओठांवर ते आलं, आणि त्यांनी ते गिळलं. त्यांना हंबरडा फोडावासा वाटला. आपण स्वतःच्या हाताने काय घालवलं हे त्यांना कळत होतं आणि तरीही मागे घ्यावंसं वाटत नव्हतं.

संध्याकाळी परत येताना दारव्ह्याच्या पुढे नीळकंठरावांनी इतका वेळ गिळलेलं विचारलं. आवाजात पहिल्यांदाच अधीक्षक नव्हता.

"तुला चालता येतं, शोभा. मला माहीत आहे, तुला येतं. मग काहून असं केलंस?"

शोभाताईंनी मांडीवर आडवा धरलेला वॉकर नीट केला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमच्या फाइलीत लिहून ठेवा. सौ. शोभा हिस कळले. व्यायामावर परिणाम झाला."